वाफेचे जुने रेडिएटर आणि गरम पाण्याचा मोह

प्रश्न : न्यू जर्सीतील मॉन्टक्लेअर येथे आम्ही गेल्या वर्षी १९२४ साली बांधलेले दुमजली घर घेतले. तळघरात गॅसवर चालणारा वाफेचा बॉयलर असून त्याला पंचवीस वर्षे झाली आहेत. घरात ओतीव लोखंडाचे नऊ रेडिएटर आहेत आणि प्रत्येकाला एकच नळ येतो. पहाटे नळांतून कोणी हातोडा मारत असल्यासारखे आवाज येतात, वरच्या मजल्यावर घाम फुटतो आणि खाली बैठकीच्या खोलीत माझे सासरे कानटोपी घालून बसतात. एका कंत्राटदाराने सांगितले, "सगळे गरम पाण्यावर घ्या, हेच रेडिएटर आणि हेच नळ चालतील." दुसरा म्हणाला, "वाफ काढलीत तर पस्तावाल." या दुसऱ्याने खोल्यांची मापे घेऊन घराला ऐन थंडीत ताशी ४८,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे अमेरिकेत रूढ एकक) उष्णता लागेल असा हिशेब दिला आहे. रेडिएटरांची छायाचित्रे आणि मापे सोबत पाठवत आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, मॉन्टक्लेअर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि बहुतेक घरांत पैसे वाया जातात ते या गुंत्यामुळेच. आवाज आणि खोल्यांतील असमान ऊब ही वाफेच्या पद्धतीची प्रकृती नाही, तिला जडलेली दुखणी आहेत, आणि ती थोडक्या खर्चात बरी होतात. गरम पाण्याकडे वळणे हा निराळा निर्णय असून त्याची कारणेही निराळी असायला हवीत. म्हणून आधी दुखण्याकडे पाहू.

वाफेची पद्धत दिसते त्याहून साधी आहे. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. त्या विस्ताराच्या जोरावर ती पंपावाचून वरच्या मजल्यापर्यंत चढते, रेडिएटरमधील हवा बाजूच्या छोट्या व्हेंटमधून बाहेर ढकलते, थंड लोखंडाला टेकते आणि पुन्हा पाणी होते. पाणी होताना ती किलोमागे सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता सोडते. मोदकपात्राचे झाकण उघडताना हाताला वाफ लागली की उकळत्या पाण्यापेक्षा अधिक का पोळते, याचे कारणही हेच. झालेले पाणी उताराने, आपल्या घरात त्याच नळातून, परत बॉयलरकडे जाते. या साऱ्याला दाब अगदी थोडा पुरतो, दर चौरस इंचाला दीड-दोन पौंड. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण १५ पौंड दाब असतो आणि आपल्या वाफेच्या बॉयलरची सुरक्षा झडपही १५ पौंडांनाच उघडते. म्हणजे घरातील वाफ कुकरच्या मानाने फारच सौम्य आहे.

एकाच नळातून वाफ वर जाते आणि पाणी खाली येते, म्हणून उतार बिघडला की दोघांची टक्कर होते. शंभर वर्षांत जमीन खचते, रेडिएटरचे पाय लाकडात रुततात, नळाला आधार देणारी पट्टी निखळते. मग कुठेतरी पाण्याचे डबके साचते आणि वेगाने आलेली वाफ ते उचलून पुढच्या वळणावर आदळते. हाच आपला हातोडा. एक पाणसळ घेऊन प्रत्येक रेडिएटर झडपेच्या बाजूला किंचित कललेला आहे का ते पाहावे; नसल्यास दूरच्या पायांखाली पातळ पाचर सारावी. दुसरे, एकनळी पद्धतीत रेडिएटरची झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावी लागते. वरच्या मजल्यावर उकडते म्हणून कोणी ती अर्धवट फिरवून ठेवली असेल, तर परतणारे पाणी आतच अडकते, आणि पहाटेच्या आवाजाचा उगम तिथेही असू शकतो. तिसरे, तळघरातील मुख्य नळांवर आवरण आहे का? अनेक घरांत जुने ॲस्बेस्टॉस काढून टाकले गेले, ते योग्यच झाले, परंतु त्याच्या जागी नवे आवरण घातले गेले नाही. उघड्या नळात वाफ वाटेतच पाणी होते आणि दूरच्या रेडिएटरपर्यंत पोचत नाही. अजून जुने पांढरट, पन्हाळीदार पुठ्ठ्यासारखे आवरण शिल्लक असेल तर त्याला स्वतः हात लावू नये. त्याची तपासणी आणि ते काढण्याचे काम परवानाधारकांकडूनच करून घ्यावे.

वर उकाडा आणि खाली कानटोपी, याचा दोष बहुधा व्हेंटचा असतो. ज्या खोलीतील हवा लवकर बाहेर पडते तिथे वाफ आधी पोचते. वरच्या मजल्यावर संथ आणि बैठकीत जलद व्हेंट बसवले, तळघरातील मुख्य नळाच्या टोकाला चांगले मोठे व्हेंट दिले आणि दाबाचे नियंत्रक दोन पौंडांच्या आत ठेवले, तर पुष्कळ घरे एका शनिवार-रविवारात शांत होतात. दाब वाढवला की उष्णता लवकर पोचेल, या समजुतीने हे नियंत्रक चढवून ठेवलेले मी अनेकदा पाहिले आहे. प्रत्यक्षात त्यामुळे गॅस अधिक जळतो आणि आवाज वाढतो.

आता गरम पाण्याकडे वळू. त्याचे फायदे खरे आहेत. वाफ असते किंवा नसते. ती सुमारे २१५ अंश फॅरनहाइटला येते आणि तिला कमी-जास्त करता येत नाही. पाणी मात्र बाहेरच्या हवामानानुसार नोव्हेंबरात ११० आणि जानेवारीत १६० अंश ठेवता येते, दर खोलीला वेगळी झडप देता येते आणि कंडेन्सिंग बॉयलर वापरता येतो. हा बॉयलर धुरातील बाष्पाची उष्णताही परत मिळवतो, मात्र त्याच्याकडे परतणारे पाणी १३० अंशांपेक्षा थंड असेल तरच. अमेरिकेत २०२१ पासून घरगुती गॅस बॉयलरसाठी किमान वार्षिक कार्यक्षमता वाफेला ८२ टक्के आणि पाण्याला ८४ टक्के आहे. चांगला कंडेन्सिंग बॉयलर ९० टक्क्यांच्या वर जातो. ही बचत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. परंतु ती गॅसच्या बिलावरील आहे, नळकामाच्या बिलावरील नव्हे.

"हेच रेडिएटर चालतील" हे पहिल्या कंत्राटदाराचे म्हणणे तपासण्याची रीत सोपी आहे. रेडिएटरकडे बाजूने पाहावे आणि शेजारशेजारचे उभे कप्पे वरच्या टोकाला एकमेकांशी जोडलेले आहेत का ते पाहावे. ते वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी जोडलेले असतील तर पाणी त्यांतून फिरते. फक्त तळाशी जोडलेले असतील तर तो रेडिएटर केवळ वाफेचा आहे: पाणी भरले तरी प्रत्येक कप्प्याच्या माथ्यावर हवा अडकून राहील आणि ती काढायची असेल तर प्रत्येक कप्प्याला छिद्र पाडावे लागेल. आपल्या छायाचित्रांत सात रेडिएटर दोन्हीकडे जोडलेले दिसतात. बैठकीतील रुंद रेडिएटर आणि जिन्याजवळचा एक असे दोन मात्र तळाशीच जोडलेले आहेत. हे दोन बदलल्यावाचून पाण्याचा विचार करू नये. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांकडे तशाच घडणीचे, दोन्हीकडे जोडलेले रेडिएटर मिळतात, त्यामुळे घराचे रूप बिघडणार नाही.

यानंतरचा प्रश्न क्षमतेचा. जुन्या तक्त्यांत रेडिएटर 'चौरस फुटांत', म्हणजे उष्णता देणाऱ्या पृष्ठभागाच्या मापात, मोजतात. तीन खांबी, ३८ इंच उंच कप्प्याचे ५ चौरस फूट धरतात, दोन खांबी असेल तर ४. वाफेवर दर चौरस फुटाला ताशी २४० बीटीयू मिळतात; सरासरी १७० अंशांच्या पाण्यावर १५०. हे आकडे ऐकून अनेकांचा उत्साह मावळतो, कारण ही घट तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. पण आपली मापे बेरजेत घेतली तर नऊ रेडिएटरांचे ४०० चौरस फूट होतात. वाफेवर त्यांची क्षमता ९६,००० बीटीयू, म्हणजे घराच्या आजच्या गरजेच्या बरोबर दुप्पट. इतके मोठे रेडिएटर कोणी आणि का बसवले? १९१८ च्या फ्लूच्या साथीनंतर त्या काळच्या अमेरिकन घरांत खिडक्या उघड्या ठेवून झोपण्याचा आग्रह होता आणि उष्णतेचे गणितही त्या धोरणाने मांडले जाई; शिवाय तेव्हा भिंतींत इन्सुलेशन नव्हते आणि खिडक्यांना एकच काच होती. आज आपल्या खिडक्या दुहेरी आहेत आणि माळ्यावर इन्सुलेशन आहे. ४८,००० ला ४०० ने भागले की चौरस फुटाला १२० बीटीयू येतात आणि तक्त्याप्रमाणे त्यासाठी सरासरी १५५ अंशांचे पाणी पुरते. म्हणजे वर्षातील सर्वांत थंड रात्रीही बॉयलरमधून १६५ अंशांचे पाणी निघून १४५ ला परतेल. उरलेल्या बहुतेक दिवसांत त्याहून बरेच थंड, आणि तेव्हाच कंडेन्सिंग बॉयलर आपले खरे काम करील. हाच हिशेब प्रत्येक खोलीसाठी निराळा करून घ्यावा. घराची बेरीज जुळते, पण बैठकीची जुळत नाही, असे होऊ शकते आणि मग सासऱ्यांची कानटोपी तशीच राहते.

"हेच नळ चालतील" हे विधान मात्र मी सरळ नाकारतो. पाण्याला जायला एक वाट आणि यायला दुसरी वाट लागते. आपल्या प्रत्येक रेडिएटरला वाट एकच आहे. जुना नळ ठेवून शेजारी परतीचा नवा नळ टाकता येईल असे कोणी सुचवील, परंतु तेथे दाबाचा प्रश्न उभा राहतो. दुमजली घरात पाणी माथ्यापर्यंत चढून थोडा दाब उरावा यासाठी तळघरात दर चौरस इंचाला १२ पौंड दाब ठेवतात आणि सुरक्षा झडप ३० पौंडांची असते. शंभर वर्षे दीड पौंडावर राहिलेले आटे आणि सांधे अचानक आठपट दाबाखाली आले की त्यांतले काही गळणारच, आणि ते भिंतीच्या आत गळतील. वाफेची बारीक गळती वर्षानुवर्षे कळत नाही, पाण्याची गळती छतावर डाग पाडते.

म्हणून शहाणपणाचा मार्ग असा की जुने नळ आहेत तिथेच सोडून द्यावेत आणि तळघरातील एका वाटपनळीपासून प्रत्येक रेडिएटरला अर्ध्या इंची पेक्सच्या (लवचिक प्लास्टिकच्या) दोन नळ्या न्याव्यात. वीस अंशांच्या फरकाने मिनिटाला एक गॅलन पाणी ताशी १०,००० बीटीयू वाहून नेते. आपल्या नऊ रेडिएटरांना मिळून पाच गॅलनही लागत नाहीत, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा गॅलन येतो आणि अर्ध्या इंचाची नळी त्याला भरपूर झाली. दोन इंची लोखंडी नळ पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना ती नळी खेळण्यातली वाटेल, तरी शंका बाळगू नये. पेक्स घेताना ऑक्सिजन रोखणारा थर असलेलेच घ्यावे. साध्या पेक्समधून ऑक्सिजन झिरपतो आणि रेडिएटर व पंपाचे लोखंड आतून गंजत जाते. तळमजल्याच्या नळ्या तळघरातून सहज जातात. वरच्या मजल्यासाठी कपाटांचे मागचे कोपरे किंवा जुन्या नळांचे खण शोधावे लागतात. स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर नव्याने करण्याचा आपला विचार असेल, तर भिंती उघडतील तीच वेळ साधावी.

खरा घाम येतो तो रेडिएटरपाशी, आणि कंत्राटदार याविषयी फारसे बोलत नाहीत. एकनळी रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला तळाशी ओतीव लोखंडाचे बूच असते. परतीची नळी तिथे जोडायची असते. ते बूच १९२४ पासून हललेले नसते. भेदक तेल, ज्योत आणि लांब दांड्याचा पाना यांनी निघाले तर ठीक, नाहीतर ते कापून आटे नव्याने पाडावे लागतात, आणि त्यात एखादा रेडिएटर तडकण्याची शक्यता गृहीत धरावी. वाफेचा व्हेंट रेडिएटरच्या मधल्या उंचीवर असतो, पाण्यासाठी मात्र हवा काढण्याची खीळ अगदी माथ्याशी हवी. त्यासाठी नवे छिद्र पाडून पाव इंचाहून लहान आटे पाडतात. नंतर प्रत्येक रेडिएटर अंगणात किंवा तळघरात पाण्याच्या दाबाखाली तपासून मगच घरात जोडावा, ही अट करारात लेखी घालावी. त्याचा जुना रंग खरवडू नये, त्यात बहुधा शिसे असते.

बॉयलरबाबत तीन गोष्टी नोंदवतो. एक, पंचवीस वर्षांचा वाफेचा बॉयलर 'फक्त झडपा बदलून' पाण्यावर चालवू नये. दोन, कंडेन्सिंग बॉयलरचा धूर प्लास्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर जातो. जुन्या धुराड्यात मग एकटा आंघोळीच्या पाण्याचा हीटर उरतो, त्याच्या थोड्याशा धुराला ते धुराडे फार मोठे आणि फार थंड पडते, आणि धूर मागे फिरू नये म्हणून आत अस्तर घालावे लागते. या खर्चाचा उल्लेख आपल्या पहिल्या अंदाजपत्रकात नाही. तीन, वाफेचे रेडिएटर बॉयलर थांबला की रिकामे असतात, पाण्याचे सदैव भरलेले असतात. डिसेंबरात आपण तीन आठवडे पुण्याला गेलात आणि मागे वीज गेली, तर वाफेच्या घरात घरगुती पाण्याचे नळ तेवढे धोक्यात येतात, पाण्याच्या घरात नऊ रेडिएटरही गोठून फुटू शकतात. खोलीचे तापमान घसरल्याची सूचना फोनवर देणारे साधन आणि शेजाऱ्याकडे किल्ली, या दोन्ही गोष्टी तेव्हा आवश्यक ठरतात.

तेव्हा माझा सल्ला असा आहे की या हिवाळ्यात उतार, व्हेंट, आवरण आणि दाब एवढेच दुरुस्त करून घ्यावे. दुसरा कंत्राटदार उष्णतेचे गणित करून आला, पहिला न मोजता बोलला. मी दुसऱ्याला पुन्हा बोलावीन, जरी त्याचा निष्कर्ष मला संपूर्ण पटलेला नाही. आपले रेडिएटर बहुतांशी योग्य आहेत आणि क्षमता पुरेशी आहे, त्यामुळे बॉयलर शेवटच्या घटका मोजू लागेल किंवा भिंती उघडतील तेव्हा पाण्यावर जाणे आपल्या घरात शहाणपणाचे ठरेल. ते काम एप्रिल ते ऑगस्टमध्ये, नगरपालिकेचा परवाना काढून करावे. ऑक्टोबरात सुरू केलेले काम थँक्सगिव्हिंगला अर्धवट असते आणि तेव्हा प्लंबर फोन उचलत नाहीत.

प्रश्न : बॉस्टनजवळ आमचे तीनमजली लाकडी घर आहे. वाफेचीच पद्धत, पण प्रत्येक रेडिएटरला दोन नळ आहेत. वरील अडचणी आमच्याकडे नाहीत, म्हणून आम्ही फक्त बॉयलर बदलून जुन्याच नळांतून पाणी फिरवावे का?
— एक वाचक, मेडफर्ड

उत्तर : दोन नळ असणे ही मोठी सोय आहे, पण त्यामुळे सगळ्या अडचणी संपत नाहीत. आपल्या रेडिएटरच्या परतीच्या टोकाला एक छोटी ओतीव पेटी असेल. तो वाफेचा ट्रॅप. त्याच्या आतील भाग उष्णता लागताच फुगून वाट बंद करतो, म्हणजे वाफ परतीच्या नळात शिरत नाही. गरम पाण्यालाही तो तसाच वागवील, म्हणून एकूणएक ट्रॅप काढावे किंवा आतून रिकामे करावे लागतात. एक जरी विसरला तरी ती खोली थंड राहील आणि दोष शोधताना आठवडा जाईल.

तीन मजल्यांची उंची धरता आपल्याला १२ पौंडांहून थोडा अधिक दाब लागेल, कारण दर २.३१ फूट उंचीला एक पौंड दाब खर्च होतो. बॉयलर विकत घेण्यापूर्वी जुनी नळव्यवस्था त्या दाबाच्या दीडपटीपर्यंत तपासून पाहावी आणि त्या परीक्षेच्या वेळी प्रत्येक मजल्यावर एकेक माणूस उभा करावा. तळघराच्या फरशीखालून परतीचा नळ गेला असेल तर तो तपासणीच्या आधीच सोडून देऊन वरून नवा टाकावा. फरशीखालचा लोखंडी नळ बहुधा आधीच गंजलेला असतो. परीक्षेत दोन-तीन सांधेच गळले तर ते बदलून पुढे जावे. सात-आठ गळले तर पेक्सकडे वळावे, कारण उरलेले सांधे पुढच्या हिवाळ्यांत एकेक करून गळतील. जुन्या लोखंडातून सुटणारा काळा गाळ नव्या बॉयलरच्या अरुंद वाटा बुजवतो, म्हणून व्यवस्था आधी धुऊन घ्यावी आणि परतीच्या नळावर चुंबकीय गाळणी बसवावी. वाटेत खोलगट भाग असतील तर तेथे हवा आणि गाळ दोन्ही साचतात, हेही नळ पाहताना लक्षात ठेवावे.

तीन मजल्यांवर तीन भाडेकरू असतील तर आणखी एक विचार करावा. आज एका बॉयलरची वाफ सगळ्यांना एकाच वेळी मिळते; पाण्यावर गेल्यावर प्रत्येक मजल्याला वेगळा पंप आणि वेगळा थर्मोस्टॅट देता येतो. परंतु त्यासाठी उभे नळ मजल्यानुसार वेगळे असावे लागतात, आणि अशा घरांत एकच उभा नळ तिन्ही मजल्यांच्या एकावर एक असलेल्या रेडिएटरांना पुरवत असतो. तसे असेल तर जुन्या नळांच्या आधारे ही सोय मिळणार नाही.

प्रश्न : वाफेच्या रेडिएटरमुळे हिवाळ्यात घशाला कोरड पडते आणि ओठ फुटतात. पाण्यावर गेल्यास हवेतील ओलावा टिकेल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : नाही. रेडिएटर वाफेचा असो वा पाण्याचा, तो हवेतून ओलावा काढून घेत नाही. बाहेरच्या गोठलेल्या हवेत मुळातच बाष्प अत्यल्प असते. ती हवा फटींतून घरात येते आणि ७० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता खूप खाली जाते. वाफेच्या पद्धतीत खोल्या गरजेपेक्षा अधिक तापतात, कोणी खिडकी किलकिली करतो आणि आणखी कोरडी हवा आत येते, एवढाच काय तो दोष वाफेकडे जातो. माळ्यावर जाण्याचे दार, खिडक्यांच्या चौकटी आणि तळघराच्या कडेच्या फटी बुजवल्या तर पाण्यावर जाण्याच्या खर्चाच्या अल्पांशात अधिक फरक पडेल. रेडिएटरवर पाण्याचे पातेले ठेवण्याची जुनी युक्ती निरुपद्रवी आहे, परंतु मोठ्या घराला एका पातेल्याचा ओलावा पुरत नाही आणि ते रोज भरण्याची आठवणही राहत नाही.